असे मानले जाते

संदर्भ विभागात त्यांना तोंडावर चाळणीसाहेब म्हणत आणि पाठीमागे नुसतं चाळणी. हे नाव कुणी पाडलं ते त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना मनातून आवडतही होतं. माणसाला आयुष्यभर काहीतरी हाक लागतेच. त्यांना घरी हाक मारणारं कुणी नव्हतं, मग ऑफिसातल्यांनी मारली तर बिघडलं कुठे?

काम असं होतं, की विज्ञानाच्या आणि तंत्रज्ञानाच्या इतिहासावरचे कोश, सूची, चरित्रकोश असं जे काही छापून येई ते आधी त्यांच्या टेबलावर यायचं. टेबल मोठ्या ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला. खिडकीतून शेजारच्या इमारतीचे पाइप दिसत आणि दुपारी थोडा वेळ ऊन. चाळणीसाहेबांनी ग्रंथ तपासायचा, अभिप्राय लिहायचा, तो ग्रंथालयाच्या त्रैमासिकात छापून यायचा, आणि तो वाचून लहानलहान गावांतली ग्रंथालयं ठरवायची, की हा ग्रंथ घ्यायचा की नाही. ज्यांना वर्षाकाठी एखादाच जाडजूड कोश परवडतो, त्यांना तो गाळीव मिळावा एवढीच त्यांची धडपड. लेखक मंडळींना मात्र ते जन्माचे वैरी वाटत.

ते ग्रंथ पहिल्या पानापासून कधीच वाचत नसत. आधी मागची सूची उघडत. "सूचीत माणूस खोटं बोलू शकत नाही, दमतो," असं त्यांचं म्हणणं. मग ठरावीक नोंदी बघायच्या: घड्याळ, होकायंत्र, शिवणयंत्र. या नोंदी त्यांनी इतक्या ग्रंथांत वाचल्या होत्या, की कुणी कुणाचं उचललंय ते त्यांना चवीवरून कळे. एखादं विधान संशयास्पद वाटलं की त्याचा माग काढायचा. या ग्रंथाने ते कुठून घेतलं, त्याने कुठून, असं मागे मागे जात झऱ्यापाशी पोचायचं. एकमेकांशी संबंध नसलेले दोन आधार मिळाले तर विधान पास. एकच मिळाला तर समासात शिसपेन्सिलीने छोटी फुली. घरच्या माणसांनी सांगितलेलं, आठवणीतलं, ऐकीव, हे आधारात धरायचंच नाही. या नियमाला त्यांनी कधी कुणासाठी मुरड घातली नाही.

या नियमाने त्यांचं लग्नही राहिलं. एका ठिकाणी जमत आलं होतं. मुलीच्या वडिलांनी कौतुकाने सांगितलं, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टरच. यांनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "पिढ्या म्हणजे नेमक्या किती? आणि याला घरच्या सांगण्याशिवाय दुसरा काही आधार?" झालं. कप उष्टा तसाच राहिला आणि मंडळी परत आली. हा किस्सा ग्रंथालयात इतक्या वेळा सांगितला जाई, की नंतर नंतर तेही हसत. हसून घरी जात, कुलूप उघडत, दिवा लावत. दोन खोल्या, एक टेबल, एक पलंग. खुर्च्या दोन होत्या, पण दुसरीवर पुस्तकांची चळत, कारण तिच्यावर बसायला कुणी येतच नव्हतं.

ठरावीक नोंदींत शेवटची एक नोंद अशी होती, की जिचा अभिप्रायाशी काही संबंध नव्हता. ती ते स्वतःसाठी बघत. नोंद स्टोव्हची.

त्यांचे वडील स्टोव्ह दुरुस्त करायचे. बाजारात जिन्याखाली एक खोपटं होतं, त्यात बर्नर, पिना, पितळी टाक्या. पंपाच्या दांड्याला चामड्याचा वायसर असतो. तो वाळला की पंप हवा धरत नाही, आणि बायका स्टोव्हच्या नावाने बोटं मोडत बसतात. वडिलांनी यावर तोड काढली: एकाऐवजी दोन वायसर, आणि मध्ये तेलात भिजवलेली लोकरीची चकती. म्हणजे चामडं वाळतच नाही. पुढे सगळेच तसा पंप करायला लागले. वडिलांचं नाव मात्र कुठेच आलं नाही. ही हकीकत चाळणीसाहेबांना आईने सांगितली होती. वडील गेले तेव्हा ते शाळकरी होते, आणि कोपऱ्यात बसून जेवायला नको म्हणत होते. आईने जवळ घेऊन सांगितलं, "तुझे बाबा साधे नव्हते बरं. त्यांनी एक नवी वस्तू केली होती." तेव्हापासून ती वस्तू त्यांच्या मनात घर करून होती.

म्हणून नवा कोश आला की ते 'स्टोव्ह' काढत, वरून खाली बोट फिरवत, आणि पान मिटत. वडील कधी सापडले नाहीत. इतकी वर्षं हे चाललं, की त्याचं त्यांना दुःखही होईनासं झालं, नुसती सवय उरली.

आणि मग एक दिवस सापडले.

कोश दोन खंडांचा होता, घरगुती यंत्रांच्या इतिहासाचा. नवाकोरा, अजून डिंकाचा वास येत होता. घड्याळ ठीक होतं. शिवणयंत्र चांगलंच होतं, कुणीतरी जीव ओतून लिहिलं होतं. सवयीने त्यांनी स्टोव्ह काढला, बोट फिरवलं, आणि बोट थांबलं. "पंपातील दुहेरी वायसराची सुधारणा एका दुरुस्ती-कारागिराने केली, असे मानले जाते." पुढे वडिलांचं नाव. आडनावासकट.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नाव तिथेच होतं. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने विचारलं, "साहेब, पाणी आणू का?" तेव्हा त्यांना कळलं, की आपले डोळे वाहताहेत.

ही गोष्ट सांगायला जगात त्यांना एकच माणूस होतं. आक्का. त्यांची थोरली बहीण. आई गेल्यावर हिनेच त्यांना वाढवलं, आणि लग्न होऊन दूरच्या शहरात गेली ती आता तिथे मुलाजवळ राहत होती. पण आक्काशी त्यांचं बोलणं तुटल्यातच जमा होतं. कारण परत चाळणीच. आक्काच्या मुलाने, म्हणजे त्यांच्या शिक्षक भाच्याने, शाळेतल्या मुलांसाठी शोधांचा एक छोटा कोश लिहिला होता. तो त्यांच्या टेबलावर आला, आणि मामांनी त्रैमासिकात लिहिलं: "उत्साह भरपूर, आधार तुटपुंजे. शिफारस करता येत नाही." भाचा काही बोलला नाही. आक्का बोलली. "अरे, घरचं पोर आहे. एवढी चाळणी लावलीस, हाताला काय लागलं?" यावर त्यांनी नियम समजावून सांगितला, आणि आक्काने फोन ठेवून दिला. मग फोन यायचे ते कुणी गेलं-आलं तरच.

त्यांनी जिन्याच्या वळणावर जाऊन फोन लावला.

"आक्का, मी बोलतोय."

"कोण गेलं?" आक्काने विचारलं.

"कुणी नाही गेलं. बाबा आलेत. कोशात." आणि त्यांनी ते वाक्य वाचून दाखवलं.

पलीकडे आक्का रडत असल्याचं कळलं. ती हुंदके आवरत म्हणाली, "परत वाच रे." त्यांनी परत वाचलं. "अजून एकदा." त्यांनी अजून एकदा वाचलं. जिन्यावरून जाणारे-येणारे बघत होते, बघेनात का.

त्या रविवारी आक्काचा फोन आला. पुढच्या रविवारी त्यांनी केला. मग ते ठरूनच गेलं. दुपारच्या जेवणाआधी फोन व्हायचा, आणि बोलणं वायसरापासून सुरू होऊन कुठल्या कुठे जायचं. खोपट्यातला पितळेचा वास, बाबांची निळी टोपी, आईचं रागावणं. भाचाही एकदा फोनवर आला, म्हणाला, "मामा, अभिनंदन," आणि दोघेही अवघडून हसले. चाळणीसाहेबांनी दुसऱ्या खुर्चीवरची पुस्तकं काढून जमिनीवर ठेवली. येणार कुणी नव्हतं, पण खुर्ची मोकळी दिसावी असं वाटलं खरं. ऑफिसात ते जिना चढताना शीळ घालतात हे सगळ्यांत आधी ग्रंथपालबाईंच्या लक्षात आलं.

बाईंच्या हेही लक्षात आलं, की दोन खंडांचा अभिप्राय अजून आलेला नाही.

"साहेब, अंक छपाईला जायचाय," त्या टेबलापाशी येऊन म्हणाल्या. "एवढा वेळ तुम्ही कधी लावत नाही. काही गडबड आहे का ग्रंथात?"

"ग्रंथ चांगला आहे. एका नोंदीचे आधार बघायचे राहिलेत."

"मग बघा की."

"बघतो," असं ते म्हणाले, आणि खिडकीतल्या पाइपांकडे बघत बसले.

'असे मानले जाते.' हे तीन शब्द दिसले की आजवर त्यांची पेन्सिल आपोआप उचलली जायची. कोण मानतं? कधीपासून? हे प्रश्न त्यांनी शेकडो लेखकांना विचारले होते, आणि लेखकांनी त्यांना शिव्या घातल्या होत्या. आता ते स्वतःच रोज उद्यावर ढकलत होते. बघायला घाबरत होते म्हणा ना. पण खरं तर त्यांना आशाही होती. कुणीतरी तिसऱ्याच माणसाने, ज्याचा आपल्या घराशी काडीचा संबंध नाही, बाबांचं काम पाहिलं असेल, लिहून ठेवलं असेल. एवढं मिळालं असतं तर आईचं सांगणं नुसतं सांगणं राहिलं नसतं.

शेवटी एका सकाळी त्यांनी माग काढायला घेतला. दोन खंडांच्या कोशाने आधार दिला होता एका लेखसंग्रहाचा. लेखसंग्रह वरच्या मजल्यावर होता. त्यात तेच वाक्य, जरा वेगळ्या शब्दांत, आणि आधार एका जुन्या गृहोपयोगी वस्तूंच्या कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीचा. हा कोश त्यांनी पूर्वी तपासला होता, पण पहिली आवृत्ती. दुसरी आवृत्ती त्यांच्याकडे कधी आलीच नव्हती. ती तळघरात निघाली. तिच्यात बाबांचं नाव होतं, आणि खाली बारीक अक्षरात आधार: याच ग्रंथालयाचं त्रैमासिक, एक जुना अंक.

तळघरातच त्रैमासिकाच्या बांधीव फायली होत्या. त्यांनी तो अंक शोधला, उभ्याउभ्याच पान काढलं, आणि मग शिडीच्या पायरीवर बसले.

तो त्यांचाच अभिप्राय होता. नोकरीला लागल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतला, तरुण वयातला, तोऱ्यात लिहिलेला. त्याच कोशाच्या पहिल्या आवृत्तीवर. शेवटी एक वाक्य होतं: "स्टोव्हच्या पंपातील दुहेरी वायसर करणाऱ्या कारागिराचा साधा उल्लेखही या कोशात नसावा, ही उणीव खटकते." आणि वडिलांचं नाव. हे वाक्य आपण लिहिलं होतं हे ते साफ विसरले होते. कोशकाराने बिचाऱ्याने टीका मनावर घेऊन दुसऱ्या आवृत्तीत उणीव भरून काढली. त्याच्यावरून लेखसंग्रहाने घेतलं, त्याच्यावरून या नव्या कोशाने. तीन ग्रंथ, एकाहून एक जाड, आणि सगळ्यांच्या तळाशी कोपऱ्यात बसून रडणारा एक शाळकरी मुलगा आणि त्याची समजूत घालणारी आई. असे मानणारा माणूस जगात एकच होता, आणि तो तळघरात शिडीवर बसला होता.

अभिप्राय त्यांनी त्याच दिवशी लिहिला. कोशाची शिफारस केली, कारण कोश खरोखर चांगला होता. आणि खाली लिहिलं, की स्टोव्हच्या नोंदीतल्या एका विधानाचे सगळे आधार फिरून प्रस्तुत समीक्षकाच्याच जुन्या, निराधार वाक्यापाशी येतात, सबब ते पुढील आवृत्तीत गाळावे. ग्रंथपालबाईंनी वाचलं. कोशातली नोंद काढून बघितली, आडनाव ओळखलं. त्या म्हणाल्या, "साहेब, हे कुणाला कळलंही नसतं."

"मला कळलं ना," ते म्हणाले, आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

हे झालं ऑफिसचं. रविवारचं काय करायचं हा खरा प्रश्न होता. अंक भाच्याच्या शाळेत जायचा. त्याने वाचून आक्काला सांगण्यापेक्षा आपण सांगावं हे बरं. पण सांगितलं की संपलंच सगळं. बोलायला तो वायसर तेवढा होता. तो काढून घेतला की त्या दोघांत उरणार काय, तर एक 'शिफारस करता येत नाही'. रविवारी सकाळी त्यांनी कपडे धुतले, वाळत घातले, कांदा चिरायला घेतला आणि तसाच ठेवून दिला. फोन घेऊन मोकळ्या खुर्चीवर बसले. तिच्यावर ते पहिल्यांदाच बसत होते.

त्यांनी सगळं सांगितलं. लेखसंग्रह, जुना कोश, तळघर, त्रैमासिक. आपण अभिप्रायात काय लिहिलं तेही सांगितलं. "म्हणजे बाबांनी ते केलं याला काहीच पुरावा नाही, आक्का. मीच बोललो होतो, आणि माझाच आवाज मला फिरून ऐकू आला."

आक्का म्हणाली, "बाबांनी नव्हतंच केलं ते."

"काय?"

"अरे, एक आचारी यायचा दुकानात. जहाजावरचा. त्याने एक स्टोव्ह आणला होता दुरुस्तीला. बाबांनी पंप उघडला तर आत दोन वायसर. मी तिथेच होते, डबा घेऊन गेले होते. बाबा मला म्हणाले, बघ, काय डोकं लढवलंय कुणीतरी. मग त्यांनी तसाच एक करून बघितला. चामडं मीच कापून दिलं, जुन्या चपलेचं. पुढे गिऱ्हाइकांना तसेच करून द्यायला लागले. मी केलं असं बाबा कधीच म्हणाले नाहीत. ते आई म्हणायची."

"तुला हे माहीत होतं."

"होतं की."

"मग मला आजवर सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?" आक्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "सगळ्या जगाची पुस्तकं उलथीपालथी केलीस. मला एकदा तरी विचारलंस? आम्ही घरची माणसं. आमचं सांगणं तुझ्याकडे कुठे चालतं?"

एवढी वर्षं ते बाबांना सूचींत शोधत होते, आणि बाबांच्या शेजारी उभं राहून चामडं कापलेली बाई एका फोनच्या अंतरावर होती. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यांनी समासात केवढी मोठी फुली मारली असती.

"पण मग तू रडलीस कशाला त्या दिवशी?" त्यांनी विचारलं. "तीनतीनदा वाचायला लावलंस."

"तू फोन केलास म्हणून रडले, वेड्या. कुणी मेलं नसताना. आपणहून. तू वाचत होतास ते बरोबर की चूक याच्याशी मला काय करायचंय? थांबलास की फोन ठेवशील, म्हणून परत वाच म्हटलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. चाळणीसाहेब ते ऐकत राहिले.

"बरं, आता पुढच्या रविवारी कशावर बोलायचं?" ते कसेबसे म्हणाले. "माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही."

"नसू दे. जेवलास का?"

"नाही."

"का? वेळ टळून गेली."

त्यांच्या तोंडावर उत्तर आलं होतं, की कामात होतो. खोटं होतं ते. त्यांनी चिरायला घेतलेल्या कांद्याकडे पाहिलं.

"एकट्यासाठी करावंसं वाटत नाही गं," ते म्हणाले. "खूप वर्षं झाली. कुणाला सांगितलं नाही."

पलीकडे आक्काची खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग भांड्याचा.

"मीही जेवायची आहे अजून," ती म्हणाली. "मुलगा-सून बाहेर गेलीत. तू असं कर, असेल ते ताटात घे आणि ये. फोन ठेवू नकोस, तसाच टेबलावर राहू दे."

त्यांनी स्पीकर लावून फोन टेबलावर उताणा ठेवला आणि आत गेले. कालचा भात होता, तो गरम केला. कांदा चिरून संपवला. बाहेरून आक्काचा आवाज येत होता, की किती वेळ लावतोस रे, माझं निवतंय.

"आलो," ते आतून म्हणाले, आणि ताट घेऊन बाहेर आले.